केळीचं रोप विकायच्या आधी आई-झाड दाखवणारी नर्सरी (जांबोटी रोड)

बेळगावात नर्सऱ्यांना तोटा नाही, गुलाब जास्वंद कढीपत्ता घ्यायचा तर कुठेही घ्या, पण केळीचं रोप घ्यायचं असेल तर जांबोटी रोडच्या आत शेतात असलेल्या ह्या नर्सरीतच जा असं मी सगळ्यांना सांगते. का ते जरा सविस्तर लिहिते कारण केळीच्या बाबतीत लोकं किंमत विचारतात, किती महिन्यात घड येतोय विचारतात, किती उंच होणार विचारतात आणि जे पहिल्यांदा विचारायला पाहिजे तेच कुणी विचारत नाही. हे पिलू कुठल्या झाडाचं आहे आणि ते झाड मला बघायला मिळेल का. इथे हा प्रश्न विचारावाच लागत नाही, तेच तुम्हाला आधी मागच्या बागेत घेऊन जातात.

ह्याचं महत्त्व समजायचं तर केळ काय चीज आहे ते कळायला पाहिजे. आपण खातो त्या केळ्यात बी नसतंय. मधे जे बारीक काळे ठिपके दिसतात ती बी व्हायची राहून गेलेली बीजांडं. परागकण पडो न पडो, फळ आपलं आपण भरत जातंय. आपली बहुतेक खायची केळी अशी आहेत की त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, आणि तीनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून बी धरायची क्रियाच नीट पुरी होत नाही. मग नवीन रोप येणार कुठून, तर जुन्या झाडाच्या कंदाला फुटलेल्या पिलापासून, नाहीतर लॅबमधे त्याच पिलाच्या शेंड्याचा बारीक कोंब काढून बाटलीत वाढवलेलं. दोन्हीकडे गोष्ट एकच, आईचा तुकडा. आईची गोडी, आईची उंची, सालीची जाडी, घडाचा आकार सगळं जसंच्या तसं, आणि आईला रोग असेल तर बऱ्याचदा तोही. आंब्याची कोय लावली तर काय येईल ते देवाला माहीत, केळीचं तसं नाही, आई बघितली की पोर कसं होणार ते कळलंच.

म्हणून फसवणूकही इथेच होते. आमच्या बेळगुंदीच्या मळ्यासाठी आम्ही मागे बेळगाव परिसरातल्याच एका दुसऱ्या ठिकाणाहून (नाव लिहीत नाही) वेलची केळी, म्हणजे इथल्या भाषेत ऐलक्की बाळे, म्हणून रोपं आणली होती. पाणी घातलं, शेणखत घातलं, पावसात टेकू दिले, वर्षभर पोरागत सांभाळलं आणि घड बाहेर आला तेव्हा कळलं की ही ऐलक्की नाहीच, फळं लांब, साल जाड, चव सपक. तक्रार करायला गेलो तर "माल वरनं आला, आम्ही काय करणार" एवढंच उत्तर. वर्ष गेलं की हो, आणि केळीत वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं कारण त्या झाडाला परत घड येत नाही. तो राग अजून आहे आणि म्हणूनच ह्या नर्सरीचं एवढं कौतुक वाटतंय.

नर्सरी चालवतात काका-काकी आणि त्यांची मुलगी. मुलगी अरभावीच्या किट्टूर राणी चन्नम्मा हॉर्टिकल्चर कॉलेजात शिकलेली, गोकाकजवळचं ते. काका अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात, काकी एकदम आपल्या खानापूर साईडचं मराठी. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पुढच्या शेडनेटमधली पिशव्यांतली रोपं बघायला लागले तर काकी म्हणाल्या, "वैनी, पिल्लू बघून काय कळणार, आधी मागं चला, आईला बघा, तिचा घड बघा, मग काय ते ठरवा." मागे साधारण अर्ध्या एकराची बाग आहे आणि तिथे प्रत्येक जातीची चार-सहा आई-झाडं घडासकट उभी. पिकलेला घड असेल तर एक फळ काढून हातात देतात, खाऊन बघा म्हणतात. रोपवाटिकेत चव बघून रोप घ्यायला मिळणं हे मी तरी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

आम्ही गेलो त्या वेळेला नुकताच घड उतरवलेलं एक झाड त्यांनी पाडलं होतं आणि त्या मुलीनं त्याचा बुंधा मधोमध आडवा कापून दाखवला. मी लहानपणापासून केळीच्या खुंटावर पोहायला शिकलेली बाई, सत्यनारायणाला चार कोपऱ्यांना खांब बांधणारी, पण एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं. कांदा चिरल्यावर दिसतात तसे एकात एक गुंतलेले पापुद्रे, प्रत्येक पापुद्रा म्हणजे एका पानाचा देठाखालचा भाग, आत जाळीसारखे हवेचे पोकळ कप्पे आणि त्यात पाणी भरलेलं, बोटानं दाबलं की पाणी टपकतंय. लाकूड म्हणून कुठे नावाला नाही. म्हणजे ज्याला आपण खोड म्हणतो ते खोडच नव्हे, पानांच्या आवरणांची गुंडाळी. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि वाढीचा कोंबही इतके महिने तिथेच जमिनीलगत बसलेला असतो, वर येतच नाही. झाड तीसेक पानं काढतंय, मग त्या कोंबाला काय वाटतं कोण जाणे, पान काढायचं बंद करून तो फूल धरायला लागतो आणि त्या गुंडाळीच्या मधल्या नळीतनं खालून वर चढत डोक्यावर बाहेर येतो. कापलेल्या बुंध्याच्या ऐन मधे तो पांढरा गोल दांडा दिसत होता, तोच केळीचा गाभा, आपण भाजी करतो तो. केळ हे झाड नव्हे, प्रचंड वाढलेलं गवतासारखं मऊ रोप आहे, हे वाचून माहीत होतं पण कापून बघितल्यावर डोक्यात बसलं.

आणि ह्यातनं कामाची गोष्ट कळते ती ही, की घड आला म्हणजे त्या कोंबाचं काम संपलं, आता त्या बुंध्याला दुसरं पान नाही आणि दुसरा घडही नाही. पुढचं पीक पिलाचं. त्यामुळे कुठलं पिलू ठेवायचं आणि कुठलं काढायचं हीच केळीची खरी शेती. काकी हे मोकळेपणानं शिकवतात. लांब तलवारीसारखी निमुळती पानं असलेलं पिलू चांगलं, ते आईच्या कंदाला खोल धरून असतंय, बुडाला जाड आणि वर निमुळतं. लहान असतानाच रुंद रुंद पानं टाकून देखणं दिसणारं पिलू असतं ते पाणपिलू, त्याचा कंद बारका आणि आईशी जोड कमजोर, घड हलका. बाजारात लोकं नेमकं हेच रुंद पानाचं टवटवीत पिलू उचलतात आणि दुकानदार गप्प बसतो. इथे काका पाणपिलू विकतच नाहीत, माझ्यासमोर एका गिऱ्हाईकाला सरळ "ते नको, फुकट दिलं तरी नको" म्हणून सांगितलं.

पिलू काढल्यावर तसंच मातीसकट पिशवीत कोंबत नाहीत. मुळ्या छाटतात, कंदाचा वरचा काळपट थर कोयत्यानं तासतात, आतला पांढरा भाग स्वच्छ दिसेपर्यंत. कंद पोखरणारा सोंडेकिडा आणि सूत्रकृमी त्या वरच्या थरात असतात, तासताना आत भुयार दिसलं की ते पिलू बाजूला फेकून देतात. मी उभी राहून बघितलं, तासलेल्यातली बरीच पिलं त्यांनी ढिगात टाकली, एकदाही हात आखडला नाही. अर्धा ते एक किलोचा कंद असेल तरच विकायला ठेवतात. ह्या एका गोष्टीसाठी मी पिलामागे दहा-वीस रुपये जास्त द्यायला तयार आहे.

आता सगळ्यात मजा आली ते सांगते. त्या मुलीनं कॅव्हेंडिशच्या (बाजारातलं नेहमीचं लांब केळं) झाडाचं एक पान आणि दुसऱ्या एका जातीचं एक पान आणलं आणि देठ आडवा कापून दोन्ही शेजारी धरले. पहिल्याच्या देठाची पन्हळ उघडी, कडा बाहेर पसरलेल्या. दुसऱ्याच्या कडा आत वळून जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या. म्हणाली, "काकू, खायच्या केळीचे मूळ आजोबा दोन, एक अक्युमिनाटा आणि एक बाल्बिसियाना, आम्ही ए आणि बी म्हणतो. पन्हळ उघडी असली तर ए जास्त, मिटलेली असली तर बी जास्त." मग बुंधा दाखवला, ए-वाल्याच्या बुंध्यावर तपकिरी काळे डाग भरपूर, बी-वाल्याचा स्वच्छ हिरवट. केळफुलाच्या पाकळ्या पण वेगळ्या, ए-वाल्याची पाकळी उघडली की मागे गुंडाळी होऊन वळते, बी-वाल्याची नुसती वर उचलते, वळत नाही. सिमंड्स आणि शेफर्ड म्हणून दोघा शास्त्रज्ञांनी १९५५ साली अशा १५ खुणा ठरवून दिल्यात, प्रत्येक खुणेला १ ते ५ मार्क, शुद्ध ए असेल तर बेरीज १५ आणि शुद्ध बी असेल तर ७५, बाकीच्या सगळ्या जाती मधे कुठेतरी. आता डीएनए तपासून ठरवतात पण शेतात उभं राहून डोळ्यानं ओळखायला हीच पद्धत कामाची. आम्हाला ऐलक्की म्हणून जे गळ्यात मारलं होतं त्याची पन्हळ चांगली उघडी होती की, आणि ऐलक्की ए आणि बी ह्यांची अर्धी-अर्धी, हे कुणी आधी सांगितलं असतं तर घड यायची वाट बघावीच लागली नसती. रोपवाटिकेनं गिऱ्हाईकाला एवढं शिकवून सोडायचं म्हणजे स्वतःला पकडायची दोरी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची, आणि ते हे लोक खुशीनं करतात.

जाती कुठल्या मिळतात ते सांगते, माझ्या मतासकट. ऐलक्की तर आहेच, ए एक आणि बी एक असे दोनच संच असलेली, घड लहान पण गोडी आणि हलका आंबटपणा दोन्ही, साल कागदासारखी पातळ, घरी खायला आणि देवाला ठेवायला ह्याच्यासारखी नाही, बेळगावात भावही जी-नाईनपेक्षा बराच वर. आमच्याकडे आता हीच लावली आहे. जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैन, कॅव्हेंडिश घराण्यातली, तिन्ही संच ए-चे, घड पंचवीस-तीस किलोपर्यंत जातोय, ज्यांना मार्केटला घालायचंय त्यांच्यासाठी. हे कॅव्हेंडिश नाव इंग्लंडातल्या एका सरदार घराण्याचं, १८३० च्या दशकात त्यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्यानं हे केळ वाढवलं आणि मालकाचं नाव त्याला चिकटलं. आज जगभर बोटीनं जाणारी जवळजवळ सगळी केळी ह्या एका घराण्याची. चवीला मला ती कधीच फार आवडली नाहीत, पण पीक म्हणून नाव ठेवायला जागा नाही.

राजेळी पण आहे आणि ती बघून मला फार आनंद झाला कारण आपल्याकडे पिलं सहज मिळत नाहीत. ए दोन बी एक. पिकली तरी गरात पिठूळपणा राहतोय, म्हणून नुसती खाण्यापेक्षा शिजवून, तळून, वाफवून जास्त चांगली. केरळवाले हिलाच नेंद्रन म्हणतात, चिप्स ह्याच्याच, आणि वसईची सुकेळी राजेळीचीच सुकवून करतात. माझ्या सासूबाई गोव्याच्या, त्या तिकडच्या मयडे गावच्या केळ्याच्या आठवणी काढतात नेहमी, त्यांना काकींनी राजेळीचे कच्चे केळे दिले, घरी रवा लावून काप केले तर बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, जी-नाईनच्या कच्च्या केळ्याचे काप ह्याच्या जवळपास पण येत नाहीत. जवारी भाजीची केळी म्हणून अजून एक जाड सालीची, कोन असलेली जात आहे, बी जास्त असलेली, पाऊस आणि हलकी जमीन दोन्ही सोसणारी. बांधावर लावायला ती घ्या, लक्ष द्यावं लागत नाही.

रसबाळेचं मात्र वेगळं आहे. नंजनगुडच्या रसबाळेचं नाव ऐकून मी मागितली तर काकांनी आधी विचारलं, "तुमच्या मळ्यात कधी केळ वाळून गेलीय काय? खालची पानं पिवळी पडून मोडून बुंध्याभोवती लोंबलेली, बुंधा खालनं उभा चिरलेला?" नाही म्हणल्यावर म्हणाले तरी दोनच पिलं देतो, वेगळ्या कोपऱ्यात लावा. कारण पनामा मर, म्हणजे फ्युजेरियम बुरशी, मुळातनं शिरते आणि आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते, कापून बघितलं तर आत तांबूस तपकिरी रेघा. एकदा जमिनीत आली की पुढची कित्येक वर्षं, दशकं म्हणा, जात नाही आणि औषध नाही. रसबाळे आणि ऐलक्की दोन्ही तिला बळी पडतात. जगात पहिल्यांदा ग्रोस मिशेल नावाचं केळ सगळीकडे चालायचं, ह्याच बुरशीनं १९५०-६० च्या सुमाराला त्याचा धंदा बसवला आणि तिच्यापुढे टिकणारी कॅव्हेंडिश त्या जागेवर आली. आता कॅव्हेंडिशलाही मारणारा टीआर-फोर नावाचा प्रकार आलाय, आपल्या देशात बिहार-उत्तर प्रदेशाकडे सापडलाय. सगळी झाडं एकाच आईचे तुकडे असली की एकाला जे होतं ते सगळ्यांना होतं, ह्याचं दुसरं उदाहरण द्यायला नको. म्हणून परगावचं पिलू मातीसकट गाडीत घालून आणायचं नाही हे काका चार-चार वेळा बजावतात, पाहुण्यांनी प्रेमानं दिलं तरी नाही. हे मला अगदी पटलं. आपल्याकडे लोकं कोकणातनं, गोव्यातनं, घाटाखालनं पिलं आणतच असतात आणि काय घेऊन येतोय त्याचा विचार नसतो.

पर्णगुच्छ (बंची टॉप) ह्या रोगाचं पण तसंच. हा रोग मावा नावाची कीड पसरवते, तोच काळा मावा जो केळीच्या पानाच्या बेचक्यात बसतो. त्या मुलीनं फोनवर फोटो दाखवले, पानाच्या शिरांवर आणि देठावर गर्द हिरव्या तुटक रेघा, ठिपका-रेघ-ठिपका अशा, नवीन पानं आखूड होत होत शेंड्याला झुपक्यासारखी उभी राहतात. असं झाड दिसलं तर आधी मावा मारायचा आणि मग कंदासकट उपटून नष्ट करायचं, घड येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. तिनं सांगितलं नर्सरीत दर आठवड्याला एक-एक आई-झाड तपासतात. मी गेले तेव्हा खरंच एकजण पानं उलटी करून बघत होता, त्यामुळे नुसतं बोलणं नाही.

आता नाराजीचं. टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमधे बाटलीत वाढवलेली, जी-नाईन रोपं ते स्वतः करत नाहीत, बाहेरच्या लॅबमधनं आणतात आणि इथे शेडनेटमधे मोठी करून विकतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या बॅचचं प्रमाणपत्र मागितलं तर "आहे, घरी आहे, नंतर देतो" असं झालं आणि ते काही मिळालं नाही. आई-झाड दाखवणारी माणसं इथे मात्र ढिली पडली ह्याचं वाईट वाटलं. टिश्यू कल्चरमधे आई आपल्याला दिसणारच नाही म्हणून तर कागद पाहिजे. केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याची २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत आहे, रोपं विषाणूमुक्त आहेत आणि जातीला खरी आहेत हे तपासून लेबल मिळतंय. शिवाय बाटलीत एकाच कोंबापासून पुन्हा पुन्हा फार वेळा वाढवत राहिलं की मधेच बुटकी, चट्ट्यापट्ट्याच्या पानांची, विचित्र रोपं निघायला लागतात, म्हणून लॅबनं एका मर्यादेनंतर नवीन कोंब घ्यायला पाहिजे. एकरभर लावणाऱ्याला सहा बाय सहा फुटावर १२१० रोपं लागतात, त्यातली शे-दीडशे वेडीवाकडी निघाली तर कुणाकडे जाणार. दोन-चार घरापुरती घ्यायची तर इथनं जी-नाईन घ्या, रोपं तब्येतीला छान आहेत, फूटभर उंच, पाच-सहा पानांची, लहान पानांवर ते लालसर जांभळे डाग पण व्यवस्थित (कॅव्हेंडिशच्या कोवळ्या रोपावर ते असतातच, रोग समजून घाबरू नका, मोठं होताना जातात). पण एकरावर लावणार असाल तर प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका, इथे पण नको आणि कुठेच नको.

दुसरं म्हणजे पाट्या. मार्करनं पिशवीवर फक्त कन्नडमधे लिहिलेलं आणि पावसात निम्मं धुवून गेलेलं. मला कन्नड वाचता येतंय म्हणून ठीक, पण चंदगड साईडची लोकं पण येतात इथे, त्यांनी काय करायचं. आणि जातीचं नाव धुवून गेलेलं केळीचं रोप म्हणजे वर्षभर अंधारात राहणं, हे ह्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल, तर पत्र्याचे टॅग लावायला काय हरकत आहे. मी बोलले, मुलगी हो म्हणाली, बघू.

आपल्या भागाच्या हवेचं त्यांनी जे सांगितलं ते मात्र सोन्यासारखं, आणि हे पुस्तकातल्या जळगावच्या वेळापत्रकात मिळत नाही. बेळगुंदी, उचगाव, जांबोटी ह्या पट्ट्यात जून-जुलैचा पाऊस असा की खड्ड्यात लावलेला कंद कुजून जातोय, केळीची मुळं उथळ, बहुतेक वरच्या फूटभर मातीत, त्यांना ओल पाहिजे पण उभं पाणी चालत नाही. म्हणून खड्डा नको, वरंबा करून त्यावर लावायचं. आणि थंडी. बेळगावची डिसेंबर-जानेवारीची रात्र केळीला मानवत नाही, पारा पंधरा-सोळाच्या खाली गेला की नवीन पान निघायचं मंदावतंय, आणि नेमकं तेव्हा केळफूल बाहेर यायचं असेल तर ते गळ्यातच अडकतंय, घड अर्धा बाहेर अर्धा आत, फळं वेडीवाकडी. टिश्यू कल्चरचं रोप साधारण सात-आठ महिन्यांनी फुलतं, त्यामुळे एप्रिल-मेला लावलं तर ऐन थंडीच्या तोंडावर सापडलंच म्हणून समजा. पिलाला थोडा वेळ जास्त लागतो, ते धरून मागे मोजत यायचं आणि लावायची वेळ ठरवायची. काकांनी माझ्याकडनं बसवून हिशोब करून घेतला, कुठल्या जातीचं, पिलू का टिश्यू, मळा कुठे, मगच पिलं दिली. उत्तरेला अथणी-रायबागकडे नदीकाठच्या काळ्या जमिनीत मळा असता तर वेगळा हिशोब सांगितला असता म्हणाले.

फुलाबद्दल पण एक. केळफूल बाहेर आलं की दिवसाला एखादी पाकळी उघडत जाते आणि प्रत्येक पाकळीखाली फुलांच्या दोन रांगा. पहिल्या पाकळ्यांखालची फुलं मादी, त्यांचीच फणी होते, नंतरच्यांखाली फळ धरत नाही, शेवटी नुसती नर फुलं, ती गळून पडतात. फळं आधी खाली तोंड करून असतात आणि भरताना वर वळतात, घड उलटा टांगल्यासारखा दिसतो तो म्हणून. शेवटची फणी सुटली की खालचं केळफूल कापून घ्या, काकींकडे ते विकायला पण असतंय आणि स्वस्त आहे. भाजी करायची तर प्रत्येक फुलातला तो कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायलाच पाहिजे, हाताला तेल लावून बसा, चिकाचा डाग कपड्याला लागला तर जात नाही. सणावाराला पानं आणि खांब पण मिळतात इथे, खांबासाठी ते घड उतरवलेली झाडं किंवा काढून टाकायची पिलंच देतात, फळायची झाडं तोडत नाहीत, हे मला आवडलं.

बागेच्या टोकाला दगडांच्या ढिगाऱ्यावर एक रानकेळ लावलंय, घाटातल्या कड्यांवर पावसाळ्यात उगवते ती, कोकणात कवदर किंवा चवई म्हणतात. बुंधा खाली फुगलेला, वर पानांचा घेर. हे आपल्या केळीच्या चुलत घराण्यातलं, एन्सेटे सुपर्बम. ह्याला पिलं फुटतच नाहीत, फळात काळ्या टणक बिया भरलेल्या आणि गर नावाला, उन्हाळ्यात पानं वाळून जातात आणि कंद खडकात तसाच जिवंत राहतो, कित्येक वर्षांनी एकदा फुलतं आणि मरतं. म्हणजे बरंचसं आपल्या घरच्या केळीच्या उलट. विकायला नाही, नुसतं बघायला ठेवलंय, पोरांना घेऊन गेलात तर नक्की दाखवा. आंबोली-चोर्ल्याच्या कड्यावरनं लोकं शोभेला म्हणून ही उपटून आणतात ते करू नका, बियांशिवाय तिला दुसरा रस्ता नाही, फुलायच्या आधी उपटली तर वंशच संपला.

भाव सांगायचा तर टिश्यू कल्चर इतरांसारखाच, पिलं जातीप्रमाणे, राजेळी आणि रसबाळे महाग, घासाघीस करून उपयोग नाही, काकी हसतात आणि तोच आकडा परत सांगतात. पैसे फोनवरनं चालतात पण आत रेंज नसते म्हणून थोडी रोख ठेवा. रस्ता शेवटचा तुकडा कच्चा, पावसात दुचाकी मेन रोडलाच लावून चालत जा. सोमवारी बंद. जायच्या आधी फोन करून आई-झाडावर घड आहे का विचारा, घड असेल तेव्हाच गेलं तर चव बघायला मिळते. पाचातले चार स्टार, एक कापलाय तो प्रमाणपत्राचा, ते गिऱ्हाईकाच्या हातात द्यायला लागले की मी इथेच येऊन पाचवा देणार. राजेळीची पिलं थोडीच निघतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत संपतात, पाहिजे असतील तर वहीत आत्ताच नाव लिहून ठेवायला सांगा.